दिवाळी, कढई आणि माझे लाल गाल

‘दिवाळी तोंडावर आली’ असं आपण सगळ्याजणी म्हणतो. माझ्या बाबतीत ती अक्षरशः तोंडावर येते! भाजणी दळून आली, सोऱ्या माळ्यावरून खाली उतरला आणि गॅसवर कढई चढली, की तासाभरात माझे दोन्ही गाल आणि नाकाचा शेंडा तांबडालाल होतो. नुसता लाल नव्हे, आत निखारा ठेवावा तसा तापतो. चुरचुरतं, चटचटतं. कढई उतरली तरी लाली उतरत नाही. संध्याकाळी बाहेर आकाशकंदील लागतो, आणि माझ्या तोंडावरचा कंदील दुपारपासूनच पेटलेला असतो.

आज मी हे हसत सांगते आहे. पण मधली तीन-चार वर्षं अशी गेली, की दिवाळीच नको वाटायची. त्यात दुखण्याचा वाटा होता तसा माझ्या शहाणपणाचाही होता. दुखणं माझ्या हातात नव्हतं. शहाणपण मात्र मी पदरचे पैसे मोजून विकत आणलं होतं. तेच आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. कारण मैत्रिणींनो, मला खात्री आहे, की तुमच्यापैकी कुणाच्या तरी आरशामागच्या फळीवर ती ट्यूब आत्ताही ठेवलेली असेल.

मला बत्तिसावं लागलं होतं तेव्हा हे सुरू झालं. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. २०२१ साली शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आम्ही सगळ्या तोंडाला मास्क बांधून शिकवत होतो. मास्कच्या आत गाल तापायचे, पण दिसायचे कुणाला? मला वाटे, मास्कच्याच उबेने होत असेल. पुढे मास्क गेला, गालांची लाली राहिली आणि बोलणी सुरू झाली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “उन्हातून आलीस वाटतं!” जाऊबाई म्हणाल्या, “पित्त आहे गं हे, रोज सब्जा पी.” एका लग्नात ह्यांच्या लांबच्या काकांनी चारचौघांत विचारलं, “काय सूनबाई, काही घेऊन आलात की काय?” सगळे हसले. मीही हसले. न हसून करते काय! घरी येऊन मात्र शालू न सोडताच न्हाणीघरात जाऊन थंड पाण्याचे हबके मारत राहिले.

पण खरं लागलं ते आठवीच्या वर्गात. साधंसं समीकरण सोडवून दाखवत होते. पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, तुम्ही रडलात का?” किती मायेने विचारलं होतं तिने! मी फळ्याकडे वळले आणि उरलेला तास वर्गाकडे पाठ करूनच शिकवलं.

मग सुरू झाले उपाय. लिंबू आणि मध झालं. टोमॅटोचा गर झाला. मुलतानी मातीचा लेप झाला, तो वाळताना गाल असे ओढले गेले की डोळ्यांत पाणी आलं. आपल्या मासिका-साप्ताहिकांतल्या सौंदर्य-सल्ल्यांची कात्रणं मी वहीत चिकटवून ठेवते, (संपादकांनी रागावू नये) पण त्यातलं एकेक कात्रण माझ्या गालांनी नापास केलं. लिंबू तर लावल्या लावल्या आग! दिवाळीच्या आधी पार्लरमध्ये गेले. तिथे आधी वाफ, मग खरखरीत स्क्रब, मग मालीश आणि वर ब्लीच असा सगळा सोहळा झाला. उठले तेव्हा ती मुलगी आरसा दाखवायला तयार होईना. आता कळतं, की ह्या चेहऱ्याला जे जे करू नये ते सगळं तिथे एका बैठकीत उरकलं होतं.

आणि मग घरात ती ट्यूब आली.

२०२२ च्या श्रावणात वन्सं चार दिवस राहायला आल्या होत्या. माझा अवतार पाहून म्हणाल्या, “अगं, काय हे! मी लावते ते क्रीम लाव. आठ दिवसांत चेहरा उजळतो.” नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. मी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने ना डॉक्टरांचा कागद मागितला ना काही विचारलं. डोकेदुखीच्या गोळीसारखी ट्यूब पुडीत घालून हातावर ठेवली.

काय सांगू! चौथ्या दिवशी लाली गेली. आठव्या दिवशी चेहरा असा तुकतुकीत झाला, की भाजीवालीनेही विचारलं. त्या वर्षीची दिवाळी माझी होती. पाडव्याला ओवाळतानाचा ह्यांच्याबरोबरचा फोटो माझ्या मोबाइलवर अजून आहे. त्यातली मी मलाच आवडते. जाऊबाईंनी नाव विचारून घेतलं, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या दोघींनी घेतलं. मी ते मोठ्या अभिमानाने दिलं. आज त्याचीच सगळ्यात लाज वाटते.

पुढच्या वर्षी रात्रीची एक बोट पुरेना, म्हणून सकाळचीही सुरू केली. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंड भाजल्यासारखं होई. मग लावायची, की तासाभरात गार. मला वाटे, बघा, औषध किती गुणकारी आहे! २०२३ च्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन माहेरी गेले आणि ट्यूब इकडेच विसरले. तिसऱ्या दिवशी चेहरा सुजल्यासारखा लाल झाला, आग सोसवेना. रात्री नऊ वाजता भावाला स्कूटरवरून पिटाळलं. तीन दुकानं पालथी घालून त्याने ट्यूब आणली. ती त्याच्या हातातून ओढून घेऊन मी मोरीत जाऊन लावली आणि बाहेर आले. आई माझ्याकडे नुसती बघत होती. तेव्हा मला त्या लग्नातल्या काकांची आठवण झाली. ‘काही घेऊन आलात का’ म्हणून विचारत होते ना? घेतच होते की मी! फक्त बाटली नव्हती, ट्यूब होती.

तरीही सोडली नाही. दिवाळी होती ना पुढे. मग संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मग पुतणीचं लग्न. आपल्या घरांत काही ना काही असतंच, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं पार पडू दे, मग बघू. तोवर नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबड्या दोऱ्यासारख्या बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर आणि ओठांभोवती बारीक पुटकुळ्या उठल्या आणि गालांवर पूर्वी नव्हती अशी लव आली.

शेवटी २०२४ च्या सप्टेंबरात शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला हाताला धरून त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तोवर मी तिकडे गेलेच नव्हते. तोंड लाल होतं म्हणून का कुणी डॉक्टरकडे जातं? ताप आला, पाय मोडला तर डॉक्टर.

बाईंनी विचारलं, “चेहऱ्याला काय काय लावता?”

मी म्हटलं, “विशेष असं काही नाही.”

त्या म्हणाल्या, “पर्समध्ये असेल ते दाखवा.”

बरोबर असणार हे त्यांना कसं कळलं कोण जाणे! मी ट्यूब काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती माझ्याकडेच परत सरकवली. “बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा.” वाचलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. बी.ए. झालेली बाई मी, प्रश्नपत्रिकेतली अनुस्वाराची चूक मला सापडते. पण जी वस्तू दोन वर्षं दिवसातून दोनदा तोंडाला फासत होते तिच्यावर काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नव्हतं. वेष्टनावर तांबडी उभी रेघ होती. त्या रेघेचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

ह्यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइड हे एरवी वाईट औषध नव्हे. इसबासारख्या दुखण्यांत डॉक्टर ते दिवस मोजून देतात आणि त्याने गुण येतो. पण चेहऱ्याची कातडी मुळातच नाजूक. तिच्यावर ते महिनोन्‌महिने चोळलं, की ती आणखी पातळ होते, शिरा वर दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. आणि सोडलं की आधी होती त्याच्या दुप्पट लाली उसळते. मग बाई घाबरून पुन्हा लावते. असं हे चक्र. आपल्या देशात हे इतकं माजलंय, की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीमच उघडली आहे, आणि अशा बिघडलेल्या चेहऱ्याला डॉक्टरांनी ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं वेगळं नावसुद्धा दिलं आहे. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा हुकूमही काढला. पण चिठ्ठी न मागणारा दुकानदार आणि चिठ्ठी न नेणारं गिऱ्हाईक समोरासमोर आलं, की हुकूम बिचारा काय करणार?

हा झाला ट्यूबचा प्रताप. मुळातलं दुखणं निराळंच होतं. त्याचं नाव रोझेशिया. लॅटिनमधला गुलाबासारखा अशा अर्थाचा शब्द आहे म्हणे. नाव ठेवणाराचे गाल चुरचुरत नसावेत! बाईंनी माझ्या गालावर काचेची पट्टी दाबून धरली, तेव्हा काचेखालची लाली फिकी झाली. चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या ह्या दुखण्यात जरा काही निमित्त झालं की फुलतात, आणि पुढे पुढे फुललेल्याच राहतात. निमित्त म्हणजे ऊन, आच, कढत चहा, फार तिखट, दारू, राग, लाज. हे साधारण तिशीनंतर उद्भवतं आणि बायकांत जास्त आढळतं. मुरुमांसारखं दिसलं तरी मुरुम नव्हे, त्यात काळे ठिपके नसतात. एकाचं दुसऱ्याला होत नाही. गोऱ्या लोकांत ते चटकन ओळखू येतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात लाली लपते, म्हणून पुष्कळदा ओळखलंच जात नाही. सावळ्या बाईला गाल लाल दिसणार नाहीत, पण तापतील, चुरचुरतील. ‘पित्त’ म्हणून ती वर्षानुवर्षं सब्जा पीत राहील.

“बरं होईल ना?” मी विचारलं.

“मुळासकट जाणार नाही. पण आटोक्यात नक्की राहील,” बाई म्हणाल्या. “आधी ही ट्यूब बंद. पहिले काही आठवडे चेहरा फार खवळेल. तयारी ठेवा.”

मी मनात दिवस मोजले. पुढे सहा आठवड्यांवर दिवाळी!

म्हटलं, “बाई, दिवाळी झाल्यावर सुरू करू या का?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मागच्या दिवाळीला काय म्हणाला होतात?”

मागच्या दिवाळीला मी त्यांना ओळखतही नव्हते. पण म्हणाले मी तेच होते.

ट्यूब त्यांच्याच टोपलीत टाकून आले. आता पुढचं सांगते ते ऐका, घाबरवायला नव्हे, पण खोटंही सांगायला नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आरशात बघवेना. गाल, नाक, हनुवटी, सगळं लालबुंद, वर पुटकुळ्या. उशीची कड गालाला लागली तरी झोप उडे. दोन वेळा मी पर्स घेऊन औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. बाईंनी पोटात घ्यायला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि लावायला मेट्रोनिडाझोलचं जेल दिलं होतं. ही नावं मी लिहिते ती तुम्ही परस्पर आणावीत म्हणून मुळीच नव्हे. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणी चालत नाही. कुणाला ऍझेलेइक ऍसिड देतात, कुणाला आयव्हरमेक्टिनचं क्रीम. कुणाला काय ते डॉक्टरच ठरवणार.

अशा चेहऱ्याने फराळ कसा होणार? आमच्याकडे सगळा फराळ घरी करायची पद्धत. सासूबाईंचे गुडघे धरलेले, तेव्हा कढईपुढे मीच. एका रात्री जेवणं झाल्यावर मी म्हटलं, “आई, ह्या वर्षी तळण माझ्याने होणार नाही.” त्या काहीच बोलल्या नाहीत. एवढ्यात आतून हे म्हणाले, “मी तळतो.”

सासूबाई म्हणाल्या, “तू? कढईपुढे?”

“का? कॉलेजात असताना खोलीवर भजी कोण तळायचं?”

तर तसा तो इतिहास मला पहिल्यांदाच कळला. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला ह्यांनी कढई चढवली. मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली चकल्या पाडून कागदावर ठेवत होते, मुलगा त्या आत पोचवत होता, सासूबाई खुर्चीत बसून ‘आच कमी कर, आच कमी कर’ म्हणत होत्या. पहिला घाणा तेलात विरघळला. चकल्या पुढे जमल्या. अनारशांचा हट्ट मात्र करायला नको होता. एकूणएक अनारसे तुपात हसले! पण खरं सांगू? त्या दिवशी माझं तोंड तापलं नाही, आणि घरात इतका हशा कित्येक दिवाळ्यांत झाला नव्हता.

बोलणं झालं ते नरकचतुर्दशीला. सासूबाई पहाटे उटण्याची वाटी घेऊन आल्या. आमच्याकडे त्या सगळ्यांना स्वतःच्या हाताने पाटावर बसवून उटणं लावतात. मी म्हटलं, “आई, तोंडाला नको.” उटण्यात आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, संत्र्याची साल, वास किती सुंदर, पण माझ्या गालांना ती चोळणं म्हणजे भाजल्यावर मीठ. त्यांचा हात थांबला. “वर्षाचा दिवस आहे. उटण्यावाचून आंघोळ करायची?” आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. मला काही सुचेना. शेवटी मी दोन्ही पाय पुढे केले. म्हटलं, “पायांना लावा. पाठीला लावा. तेही अंगच आहे ना?” त्या क्षणभर बघत राहिल्या. मग सुनेच्या पायांना सासूने हात लावायचा म्हणून मीच ओशाळले, पण त्यांनी खरोखरच माझ्या पोटऱ्यांना, पाठीला, हातांना उटणं चोळलं. शेवटी बोटाला उरलेलं कानामागे टेकवलं. “तोंडाला नाही लावलं हो,” म्हणाल्या. आंघोळही कढत पाण्याने न करता कोमट पाण्याने केली. वाफेने भरलेलं न्हाणीघर हे माझ्या गालांचं कढईखालोखालचं वैरी.

हे कसं कळलं, तर वहीने. बाईंनी सांगितलं होतं, ज्या दिवशी चेहरा उसळेल त्या दिवशी आधीच्या काही तासांत काय केलंत, काय खाल्लंत ते लिहा. मास्तरीणच मी, मला रकाने आखायला काय लागतं! तीन महिने लिहिलं. त्यातून निघालेलं पाहून मीच चकित झाले. ज्या तिखट चिवड्याला मी शिव्या घालत होते तो निर्दोष निघाला. चिंच, दही, शेंगदाणे निर्दोष. गुन्हेगार होते ते असे: कढईपुढे किंवा भाकरीच्या तव्यापुढे अर्ध्या तासाहून जास्त उभं राहणं, शाळा सुटल्यावर दुपारी साडेबाराचं ऊन, कढत आंघोळ, आणि वाफाळता चहा. चहा थंडावू दिला तर काही होत नाही. चहापेक्षा त्याची वाफच वैरीण. कॉफीचं तर गमतीचंच आहे. २०१८ साली अमेरिकेत ऐंशी हजारांहून जास्त परिचारिकांच्या पाहणीत, कॉफी पिणाऱ्यांत हे दुखणं उलट कमी आढळलं. म्हणून कुणी औषध म्हणून कॉफीचे पेले रिचवू नयेत, पण पाहुण्यांकडे कोमट कॉफी घ्यायला मी आता भीत नाही. तुमची वही माझ्यासारखी निघणार नाही. कुणाला दालचिनी बाधते, कुणाला टोमॅटो, कुणाला नुसता संताप. (संतापाचे रकाने माझ्याही वहीत आहेत. त्यात कुणाची नावं आहेत ते इथे छापायला नको.)

तेव्हापासून आमच्या घरची दिवाळी अशी होते. तळण एका दिवशी नाही, चार पहाटांत. खिडकी उघडी, धूर ओढणारा पंखा चालू. गॅसजवळ टेबलफॅन ठेवता येत नाही, ज्योत विझते, म्हणून पाडण्या-लाटण्याची सगळी बैठक बाहेरच्या खोलीत. कढईपुढे कुणीही वीस मिनिटांवर थांबायचं नाही. हे, मी, मुलगा अशा पाळ्या. (मुलगा चौदा वर्षांचा आहे, लांब दांड्याच्या झाऱ्याने तळतो आणि आजी शेजारी बसलेली असते.) माझ्या पाळीला गळ्याभोवती गार पाण्यात पिळलेला पंचा आणि तोंडात बर्फाचा लहान खडा. बर्फ गालावर चोळायचा नाही, तोंडात चघळायचा. बाईंनी सांगितलेली ही युक्ती मला फार उपयोगी पडली. चिवड्याचे पातळ पोहे उन्हात तापवून घेतो, भाजायची कटकट नाही. बेसनाचे लाडू मात्र सोडले. मंद आचेवर पाऊण तास बेसन हलवत राहायचं आणि तोंड नेमकं कढईवर! ते आता गल्लीतल्या बचत गटाकडून येतात. सासूबाईंनी पहिला लाडू तोंडात टाकून “बरे आहेत” असं म्हटलं. त्यांच्या तोंडून हे म्हणजे पहिला वर्ग.

खरेदीला सकाळी दुकानं उघडताना किंवा दिवेलागणीनंतर जाते. छत्री नेते. पावसाळा सरल्यावर छत्री घेतलेली बाई लोकांना विचित्र वाटते, वाटू दे. बाहेर पडण्याआधी झिंक ऑक्साइडचं, एस.पी.एफ. तीसच्या वरचं सनस्क्रीन लावते. सुरुवातीला पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखं दिसायचं, आता रंगात मिसळणारं मिळतं. तोंड धुवायला सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, गार पाणी, आणि टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. वर साधं, बिनसुगंधी मॉइश्चरायझर. फुलबाज्या मुलांनी लावाव्यात, मी लांबून बघते. सणाला थोडं नटायचं असलंच तर पावडरीखाली फिकट हिरवट रंगाचं क्रीम मिळतं. हिरवा रंग लालीला मारतो. चित्रकलेचे सर हे मला कधीपासून सांगत होते, ते चित्रांबद्दल आहे असं मी समजत होते. पण कोणतीही नवी वस्तू आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघायची, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्हे.

दोन गोष्टी मात्र अंगावर काढू नका. ह्या दुखण्यात पुष्कळांचे डोळेही चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, लाल होतात. तसं झालं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि गाल-नाकावर फुलपाखरासारखा चट्टा, त्याच्या जोडीला सांधेदुखी, ताप, थकवा असेल तर ते वेगळंही काही असू शकतं. ते तपासूनच घ्यायला हवं. नाकाजवळच्या त्या तांबड्या शिरा औषधाने जात नाहीत. मोठ्या शहरांत लेसरने घालवतात म्हणे. माझ्या आहेत तशा आहेत.

२०२४ च्या भाऊबीजेला वन्सं आल्या. चेहरा माझा तेव्हा अजून निम्मा लाल होता. ओवाळणी झाली, फोटो काढायची वेळ आली. मी सवयीने मागे सरले, तर सासूबाई म्हणाल्या, “पुढे ये गं, मागे काय लपतेस.” तो फोटोही मोबाइलवर आहे. २०२२ च्या फोटोशेजारी ठेवला तर ओळखू येणार नाही, इतकी मी त्यात कुरूप दिसते. पण काढला.

जेवणं झाल्यावर वन्सं ताटं घेऊन स्वयंपाकघरात आल्या. दार लोटून घेतलं. मला वाटलं, क्रीम का सोडलंस म्हणून आता बोलणार. त्यांनी पदराने गाल पुसला. पावडर निघाली, आणि मी बघतच राहिले. तेच दोऱ्यासारखे तांबडे, तीच हनुवटीवरची पुरळ.

“मलाही एक दिवस चुकला तर सोसत नाही गं,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं झाली. मुलीलाही देते आहे मी. कॉलेजात जाते ना आता.”

मी हात पुसले. “वन्सं, ट्यूब आहे का जवळ?”

त्यांनी कमरेच्या बटव्यातून काढून दिली. मी चष्मा शोधला, दिव्याखाली धरली आणि दोघींनी मिळून ती बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी सकाळी नऊची होती. ती त्यांनी दुपारच्या तीनवर नेली, आणि दहा वाजता आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.